शंभरापैकी किती

७ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, रोज दोन ओळी लिहा, बोटांना व्यायाम. आमच्या हिने पेन्सिलीला फडकं गुंडाळून ती जाड करून दिली. आज पहिलं इंजेक्शन. खर्च आरोग्य निधीचा. चाळीस जणांना, सहा महिने. मग ठरवणार, पुढे द्यायचं का. नशीब लागतं. बोटं दुखली. पुरे.

८ जानेवारी, बुधवार

काल राहिलं ते. इंजेक्शनआधी कागद भरायचा होता. उभी पट्टी, खाली शून्य, वर शंभर. आज तब्येत किती, तिथे खूण. मी ब्याऐंशीवर केली. खाली पाच प्रश्न. ‘स्वतःचं आवरायला अडचण होते का?’ अजिबात नाही. अडचण कसली, ही असते ना. आंघोळ, दाढी, जेवण, सगळं वेळेवर.

११ जानेवारी, शनिवार

वही लिहायची तर आपण कोण ते लिहावं. मी कटर. सूटच्या दुकानात बत्तीस वर्षं कापड कापलं. नऊ वर्षांपूर्वी संधिवाताने बोटं वाकली, कात्री सुटली. मालकाने निरोपाला जेवण दिलं. भला माणूस. ही वाचनालयात होती. तिनेही तेव्हाच नोकरी सोडली. कंटाळा आला होता, म्हणाली. योग चांगला जुळून आला.

२१ जानेवारी, मंगळवार

दुसरं इंजेक्शन. आम्ही मंगळवारवाले वीस, बाकीचे वीस शुक्रवारी येतात. बसायची खोली छान आहे. खुर्च्या उंच, उठायला बऱ्या. शेजारी पाववाली बसते. बेकरीत कणीक मळायची, आता मळवत नाही. वय बत्तीस, घरी दीड वर्षाची मुलगी. पहिल्या दिवशी तिने पट्टीवर तीसवर खूण केली होती. कागद देण्याआधीच मी तिला म्हटलं होतं, ‘अगं, एवढी तरुण, आणि तीस? औषध फुकट देतायत, वर रडगाणं का गायचं? निदान साठ कर.’ तिने खोडून साठ केलं. ड्रायव्हरसाहेब (हे पूर्वी बस चालवायचे) म्हणाले, ‘काकांचं बरोबर आहे. धर्माच्या गायीचे दात काय मोजायचे?’ मग सगळ्यांनीच रबर मागून घेतलं. खोलीचा नूरच बदलला. कुणाला धीर दिला की बरं वाटतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चौथं इंजेक्शन. पट्टीवर चौऱ्याऐंशी. खास फरक नाही, पण तक्रार करण्यासारखंही काही नाही. सकाळी मुरांब्याची बरणी उघडली. ही हातातलं काम टाकून बघत राहिली. बरणीच सैल असेल, मी म्हटलं. ‘असेल,’ ती म्हणाली, आणि ओट्यावरच्या बाकीच्या तिन्ही बरण्या माझ्यापुढे सरकवल्या. त्याही सैलच निघाल्या. हल्ली झाकणं नीट बसवत नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

पट्टीवर पुन्हा चौऱ्याऐंशी. कागद घेणाऱ्या बाईंना आम्ही सगळे आकडेबाई म्हणतो. त्या निधीच्या. चष्मा कपाळावर, आणि शोधायचा टेबलाखाली. आज विचारलं, ‘काका, फरक वाटतोय का?’ मी म्हटलं, आधीही छान होतं, आताही छान आहे, तुमचे उपकार. त्यांनी लिहून घेतलं. त्यांचा चेहरा थोडा पडल्यासारखा वाटला, पण उभं राहून कामं करणाऱ्या माणसाला दुपारनंतर थकवा येतोच.

एक चांगली गोष्ट लिहायची राहिली. हिचा उजवा खांदा कितीतरी वर्षं धरलेला होता, तो पंधरा दिवसांपासून सुटलाय. शेकाचा गुण असणार, किंवा हवा पालटली. मीही आता टबमधून उठताना कडेची दांडी धरतो, हिला हाक मारत नाही. पूर्वी हिच्या खांद्यावर जोर द्यायचो. सवयी बदलत राहाव्यात, माणूस ताजा राहतो.

१५ एप्रिल, मंगळवार

आज पंच्याऐंशी लिहिलं. एक गुण वाढवला, आकडेबाईंना बरं वाटावं म्हणून.

घरात एक नवीनच चाललंय. ही संध्याकाळी फिरायला जाते. एकटीच. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत येऊन दारातूनच विचारलं, ‘काही लागलं का?’ काही लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बागेपर्यंत. काल तास झाला तरी आली नाही, म्हणून मी खिडकीत उभा राहिलो, तर समोरच्या फुटपाथवर मिठाईच्या दुकानातल्या मुलीशी हसत बोलत होती. मी विचारलं, ‘एवढं काय बोलत होतीस?’ म्हणाली, ‘काही नाही हो. उभी राहिले म्हणून बोलले.’ वय झालं की बायकांना चालायची हौस येत असावी. माझी आई मात्र घराबाहेर पडायला नाखूश असायची. ज्याची त्याची प्रकृती.

तोवर मी बटाटे सोलून ठेवले होते. जाड सोलले, अर्धा बटाटा सालीलाच गेला. हिने साली बघितल्या. पुष्कळ वेळ एक साल हातात धरून उभी होती.

१३ मे, मंगळवार

आज वेगळाच दिवस गेला. इंजेक्शन झाल्यावर आकडेबाईंनी आम्हा मंगळवारवाल्यांना थांबवून घेतलं. चष्मा डोळ्यांवर होता. म्हणाल्या, ‘जून अखेर समिती बसणार आहे, त्याआधी तुम्हाला सांगितलेलं बरं. शुक्रवारवाल्यांची तब्येत सरासरी एकतीस गुणांनी वाढलीय. तुमची सहा.’

ड्रायव्हरसाहेब म्हणाले, ‘औषध तेच ना? का शुक्रवारी ताजं येतं?’

‘तेच. म्हणून तर समितीला शंका आहे की औषधाचा भरवसा नाही. तसं ठरलं तर दोन्ही गटांचं बंद होईल.’

पाववालीने विचारलं, ‘म्हणजे कधी?’ आकडेबाई म्हणाल्या, ‘जुलैपासून.’ पाववाली आपले हात मांडीवर उलटसुलट करून बघत राहिली. मार्चपासून ती बेकरीत जाते. अर्धी पाळी, पण जाते. मुलीला एका हाताने उचलते, मी बघितलंय.

मला राग आला होता, तो मी सभ्यपणे काढला. म्हटलं, ‘बाई, माणसाच्या तब्येतीची किंमत अशी मोजतात का?’

त्या शांतपणे बोलल्या. ‘काका, एक माणूस वर्षभर ठणठणीत जगला, तर आम्ही ते एक चांगलं वर्ष धरतो. निम्म्या त्रासात जगला तर अर्धं. औषधाने किती चांगली वर्षं वाढली, आणि त्याला खर्च किती आला, एवढं बघतो. तुमच्या एकट्याच्या एका वर्षाच्या इंजेक्शनांच्या खर्चात साठ जणांच्या डोळ्यांची ऑपरेशनं होतात. ते साठ जण या खोलीत बसलेले नाहीत, म्हणून दिसत नाहीत. कुणाला तरी आम्ही नाही म्हणतोच. चुकीच्या माणसाला म्हटलं जाऊ नये, एवढीच धडपड.’

ते साठ जण डोळ्यांपुढून हलत नाहीत.

१६ मे, शुक्रवार

तीन दिवस नीट जेवलो नाही. हिने विचारलं, पोट बिघडलंय का. पोटाचंच आहे, पण वेगळं.

दुकानात येणारा प्रत्येक माणूस टेप लागली की पोट आत घेतो. न्यायाधीश असो नाहीतर खाटीक. नवशिका कटर तेच माप लिहितो, आणि पहिल्याच जेवणाला कोटाचं बटण उडतं. जुने कटर काय करायचे, तर टेप कमरेला लावून गप्पा काढायचे. पाहुणे गेले का, गुडघा कसा आहे. बोलता बोलता गिऱ्हाईक विसरतं, श्वास सोडतं, आणि मग खरं माप मिळतं. हे मी बत्तीस वर्षं केलं. आणि स्वतःला टेप लागली तेव्हा पोट आत घेऊन उभा राहिलो. वर शेजारच्या एकोणीस जणांनाही घ्यायला लावलं.

खरं खोटं करून बघावं म्हणून या वहीची पहिली पानं उघडली. ७ जानेवारीला जेमतेम चार ओळी लिहून ‘बोटं दुखली, पुरे’ म्हटलंय. गेल्या मंगळवारी अडीच पानं लिहिली आणि मनगट झटकलंसुद्धा नाही. आणि त्याच दिवशी पट्टीवर काय लिहून आलो, तर पंच्याऐंशी. तीन गुणांचा फरक. स्वतःच्या हस्ताक्षराने मला खोटं पाडलं.

१९ मे, सोमवार

आकडेबाईंच्या ऑफिसात जाऊन सांगून आलो. अरुंद खोली, दोन कपाटं, एक कुंडी. सगळं सांगितलं, रबरापर्यंत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘तुम्ही दुसऱ्यांना आकडे सांगितलेत?’

‘चांगल्या हेतूने, बाई.’

‘हेतूला रकाना नाही, काका.’

मग हसल्या. म्हणाल्या, जुना कागद बदलता येत नाही, तो तसाच राहणार. पण एक सोय आहे. दोन्ही गटांना नवीन कागद देता येतो. मागे वळून बघा आणि सांगा, इंजेक्शनांआधी किती होतं. समिती त्याला पूर्ण वजन देत नाही, कारण माणूस मागचं दुःख फुगवूनही सांगतो. म्हणून जोडीला घरातल्या एकाचं म्हणणं ऐकतात. ‘तुमच्या गटातून तुमच्या मिसेसना बोलवू का?’

मी हो म्हटलं. दारापाशी त्या म्हणाल्या, ‘या वेळी मी समोर बसणार. आणि कुणी कुणाला धीर द्यायचा नाही.’

ओरडल्या नाहीत याबद्दल त्यांचे उपकार. मी असतो तर ओरडलो असतो.

९ जून, सोमवार

उद्या तो कागद. तीन आठवडे विचार करतोय आणि आकडा हातून उमटत नाही. औषध राहावं असं मला वाटतं, पाववालीसाठी तर वाटतंच. पण खरा आकडा चाळिशीच्या आतला आहे, हे मला आता कळलंय. तो कसा लिहू?

आज हिला सांगून टाकलं. ती शर्टांना इस्त्री करत होती. म्हटलं, ‘तू नऊ वर्षं मला राजासारखं ठेवलंस. मी अडतीस लिहिलं, तर तू काय केलंस असं होतं. चार लोक वाचणार.’

तिने इस्त्री उभी केली. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. आला तो राग.

‘अहो, मी काय केलं ते मला माहीत आहे. त्याची पावती त्या पट्टीवर कशाला फाडताय?’

‘तसं नव्हे गं…’

‘तसंच. ब्याऐंशी म्हणे! त्या ब्याऐंशीतले निम्मे माझ्या हातापायाचे होते. तुमचं माप तुम्ही द्या. मला तुमच्या कोटात शिवू नका.’

एवढं बोलून तिने बाही ओढली आणि कडक इस्त्री फिरवली. बाहीला दुहेरी घडी पडली. चाळीस वर्षांच्या संसारात हिच्या हातून पडलेली पहिली दुहेरी घडी. मी दाखवली नाही.

१० जून, मंगळवार

अडतीस लिहिलं. ‘स्वतःचं आवरायला’ समोर ‘फार अडचण’. आकडेबाई समोर बसून खिडकीबाहेर बघत होत्या. पाववाली माझ्यापासून चार खुर्च्या लांब, कागदावर हात आडवा धरून. शाळेत कॉपी करू देत नाहीत तसा. ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं, ‘बाई, आता गायीचे दात मोजायचे ना?’ ‘एकेक मोजा,’ त्या म्हणाल्या.

२४ जून, मंगळवार

समिती. लांब टेबल, पाण्याचा जग, सात माणसं. मला बोलायची परवानगी नव्हती, भिंतीजवळच्या खुर्चीवर ऐकत बसायची होती. हिने निळी साडी नेसली होती, आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

अध्यक्षांनी विचारलं, इंजेक्शनांआधी दिवस कसा जायचा? हिने सांगितलं. सकाळी उठवून बसवायला वीस मिनिटं, बोटं सुटेपर्यंत गरम पाण्यात धरायची. आंघोळ, दाढी. घास लहान करून द्यायचे. बाहेर गेलं तर पाऊण तासात परत, कारण संडासाला लागलं तर पँटचा हूक निघत नाही. रात्री कूस बदलायला दोनदा. कुठेही आवाज चढवला नाही. वाचनालयात पुस्तकांची यादी वाचत असेल तशी वाचली.

अध्यक्ष म्हणाले, ‘इतक्या वर्षांत सवय झाली असेल ना, बाई?’

‘सवयीने ओझं हलकं होत नाही, साहेब. पाठ वाकते.’

एका सदस्याने विचारलं, या आजारपणामुळे तुमचं स्वतःचं काही सुटलं का? मी मनात म्हटलं, काही नाही.

‘नोकरी,’ ती म्हणाली. ‘वाचनालयात होते. पेन्शनला दोन वर्षं कमी पडली.’

‘नाइलाजाने सोडलीत?’

‘मला ते काम फार आवडायचं.’ हे तिने पाण्याच्या जगाकडे बघून सांगितलं.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, ‘मग कंटाळा आला असं का म्हणाली होतीस?’ ती बाहेर बघत होती. म्हणाली, ‘तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी त्या कात्रीला तेल लावत बसायचात. त्यावर आणखी माझंही कुठे घालू?’

नऊ वर्षं एका घरात राहून हे मला एका टेबलापाशी, सात परक्या माणसांबरोबर कळलं. आज आभार कुणाचे मानायचे ते ठरत नाही, म्हणून कुणाचेच लिहीत नाही.

८ जुलै, मंगळवार

निकाल. कंपनीने किंमत उतरवली, निधीने औषध मान्य केलं. एका वर्षासाठी, मग पुन्हा मोजणार. ज्यांचे सांधे अजून शाबूत आहेत, त्यांना दर पंधरवड्याला. माझ्यासारख्या जुन्या, वाकून गेलेल्यांना दर महिन्याला, कारण त्यापेक्षा जास्त देऊन आमच्यात फारसा फरक पडत नाही असं दिसलं. आकडेबाईंना वाटलं मी वाईट वाटून घेईन. म्हटलं, ‘उरलेल्यात किती डोळे होतील?’ त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून खरंच हिशोब केला. ‘नव्या भावाने धरलं तर तुमच्या एकट्याच्या वाट्यातून वीस.’ मी म्हटलं, त्या विसांना माझा नमस्कार सांगा. पत्ते नाहीत म्हणाल्या.

मनातलं लिहायचं तर थोडं वाईट वाटलंच. महिन्याचा शेवटचा आठवडा जड जाणार.

निधीच्या कागदावर आता एक नवा रकाना आलाय, घरातल्या माणसासाठी. आकडेबाई म्हणाल्या, तो आमच्या हिच्यामुळे.

पाववाली रडली, मग नाक पुसून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘काका, तुमचे उपकार आहेत, खोटं नाही बोलत. पण यापुढे कुणालाही सल्ला देऊ नका. पाया पडते.’

‘शब्द देतो.’

‘हा पण सल्ल्यासारखा देऊ नका.’

ड्रायव्हरसाहेब इतके हसले की त्यांना खोकला लागला.

१७ जुलै, गुरुवार

ही तिच्या बहिणीकडे गेली. चार दिवसांसाठी. नऊ वर्षांनी. सुचवलं मीच, पण ती इतक्या लगेच बॅग काढेल असं वाटलं नव्हतं. बॅग आधीच भरलेली होती. फ्रिजवर कागद चिकटवून गेलीय, औषधं, गॅस, शेजाऱ्यांचा नंबर. दार लागल्यावर घरात फ्रिजचा आवाज किती मोठा आहे ते कळलं.

२१ जुलै, सोमवार

आज यायची होती. सकाळी फोन आला. मागे तिची बहीण आणि आणखी कोणीतरी जोरजोरात बोलत होतं.

‘अहो, ही म्हणतेय आणखी चार दिवस राहा. काय करू?’

मी लगेच म्हटलं, ‘राहा की. मी मजेत आहे.’

मग तिने बहिणीला गप्प केलं. ‘नीट सांगा. नाहीतर आत्ता निघते.’

तेव्हा मी श्वास सोडला. म्हटलं, ‘पुढचं इंजेक्शन उद्या, हा शेवटचा आठवडा, बोटं धरलीत. मोजे घालायला वीस मिनिटं लागली. सूप खारट झालं, तेच तीन वेळा खाल्लं. घर खायला उठतं. बाकी पडलो नाही, भाजलं नाही, औषधं वेळेवर घेतली.’

‘शंभरापैकी किती?’

‘छप्पन्न.’

मला वाटलं, आता बॅग उचलते.

‘छप्पन्न चालतील,’ ती म्हणाली. ‘राहते मग.’

ठेवणार एवढ्यात मी विचारलं, ‘आणि तुझे किती?’ विचारल्यावर लक्षात आलं, निधीचा तो नवा रकाना अजून कोरा आहे, आणि चाळीस वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं.

‘माझे?’ ती हसली. ‘थांबा, बघू दे. आज नव्वद.’

‘दहा कुठे गेले?’

‘दहा तिकडे आहेत. वीस मिनिटं मोजे घालत बसले होते.’